तीन पिवळी पाकिटं

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. मायन्यात काय लिहावं या विचारात अर्धा तास गेला. आईने शिकवलेला लांबलचक मायना लिहिला असता, तर चौदा महिने न बोललेल्या भावाला तो टोमणाच वाटला असता. म्हणून साधाच लिहिलाय. तू आणि वहिनी बरे असाल. मीही बरी आहे. तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस, तेव्हा म्हटलं पत्र लिहावं. पाकीट मुद्दाम पांढरं घेतलंय. आमच्या ऑफिसचं पिवळं पाकीट दिसलं की लोक ते न उघडताच खणात ढकलतात, हे मला वर्षभरात चांगलंच कळून चुकलंय.

घरचं सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. तू बांधलेली सुतळी कुजली, मी दुसरी बांधली. मागच्या खोलीचं दार फुगलंय, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, पण आई गेल्यापासून तिथे जायचं कामही फारसं पडत नाही. तुझी व्हॅन पूर्वी जिथे उभी असायची, त्या जागेवर समोरच्या दातांच्या डॉक्टरने आपली गाडी लावायला सुरुवात केली होती. मी जाऊन चार शब्द सुनावून आले. आता तो गाडीही लावत नाही आणि ओळखही दाखवत नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या बुधवारी वहिनी आमच्या ऑफिसात आली होती.

माझी खोली तू पाहिलेली नाहीस. पूर्वी तिथे जुने नकाशे ठेवायचे, त्यामुळे खिडकी नाही. एका बाजूला काच आहे आणि काचेपलीकडे लोकांची रांग. दार कार्डाने उघडतं, आणि आतून बाहेर जायलाही कार्डच लागतं. मी मान वर केली तर सत्तेचाळीस नंबरचं टोकन हातात धरून वहिनी उभी. काउंटरवरच्या मुलीला ती सांगत होती, "माझ्या मिस्टरांचा बिल्ला स्थगित झाला म्हणून शाळेला कळवलंत. आम्हाला का नाही कळवलं?" मी बाहेर आले. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नमस्कार मॅडम."

मला मॅडम. माझ्या परीक्षेच्या दिवसांत रोज सकाळी डोक्यावर थंड हात ठेवून उठवायची ती.

काउंटरवर इतर लोक होते, म्हणून मी कागद काढून दाखवला आणि निकाल नोंदलेला आहे एवढंच म्हटलं. ती मान हलवून गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

तुला नियम ठाऊक असतील, तरी लिहून देते, अर्जाला उपयोगी पडेल. आधी वाहतुकीची पावती पोलीस फाडायचे आणि तक्रार असली तर कोर्ट ठरवायचं. गेलं वर्षभर प्रयोग म्हणून आपली नगरपालिका स्वतःच पावती फाडते. पालिकेचा वॉर्डन गाडीचा फोटो काढतो, आठ दिवसांत गाडीच्या कागदांवरच्या पत्त्यावर नोटीस जाते, आणि गाडीवाल्याने पंधरा दिवसांत सुनावणी अधिकाऱ्यापुढे, म्हणजे माझ्यापुढे, येऊन आपलं म्हणणं मांडायचं. आला नाही तर त्याला चूक मान्य आहे असं धरतात. वर्षात असे तीन निकाल झाले की शाळेची मुलं न्यायचा बिल्ला एक वर्ष स्थगित. तुझे तिन्ही निकाल शाळेच्या कोपऱ्यावर पिवळ्या पट्ट्यावर गाडी उभी केल्याचे आहेत: एप्रिल, ऑगस्ट, नोव्हेंबर.

कलम बारा: गैरहजेरीतला निकाल पुन्हा उघडायचा तर नोटीस मिळाली नाही याची सुनावणी अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. कलम एकोणीस: सुनावणी अधिकारी आपल्या नातेवाइकाचं प्रकरण हातात घेणार नाही. शहरात सुनावणी अधिकारी मी एकटी. दुसरी जागा मंजूर आहे, भरलेली नाही. म्हणजे बारावं कलम तुला माझ्याकडे पाठवतं आणि एकोणिसावं दारातूनच परत फिरवतं. दोन्ही कलमं माझ्याच हातची आहेत. तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते.

नोटिसा पोस्टाने गेल्या होत्या. पेटीत टाकल्याची नोंद आहे. मला यात काही करता येत नाही, हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिलं.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी बहीण

·

शनिवार, ८ फेब्रुवारी

सुनावणी अधिकारी मॅडम यांस,

असं लिहून सुरुवात केली होती. तुझी वहिनी म्हणाली, नीट लिहा, नाहीतर लिहू नका. तर नीट लिहितो. छोटीस आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. व्हॅनच्या वहीत मुलांची हजेरी मांडायची एवढंच माझं लिखाण. त्याच वहीच्या पानावर लिहितोय, सध्या ती रिकामीच आहे.

नोटीस मला एकही मिळाली नाही. मिळाली असती तर उड्या मारत आलो असतो, कारण माझ्याजवळ शाळेचं पत्र आहे. तिसरीतली एक मुलगी कुबड्या घेऊन चालते. शाळेचा ठरलेला थांबा रस्त्याच्या पलीकडे. तिथे उतरवलं तर तिला दोन रस्ते आणि मधला उंच कठडा ओलांडायचा. मोठ्या बाईंनी लिहून दिलंय की हिला फाटकाशीच उतरवा, दोन मिनिटं थांबलात तरी चालेल. मी दोन मिनिटं थांबत होतो. तुमच्या माणसाने त्याच दोन मिनिटांचा फोटो काढला. फोटोत कुबड्या दिसत नाहीत, गाडीचा नंबर दिसतो.

आता दुसरा ड्रायव्हर येतो. चांगला माणूस आहे, नियमाने पलीकडे थांबतो. मुलीची आई कामाला उशिरा जाते आणि तिला उचलून रस्ता ओलांडते. परवा मुलीने फोन केला, काका कधी येणार. मी म्हटलं गाडी दुरुस्तीला गेलीय. सोळा वर्षांत पोरांशी पहिल्यांदा खोटं बोललो.

पहाटे पाचला डोळा उघडतो. मग भांडी वाजवतो. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही घरात असलात की घर लहान होतं.

पत्त्याची चूक माझीच. गाडीच्या कागदांवर अजून जुन्या घराचा पत्ता आहे, बदलायला पाहिजे होता. पोस्टमनने पाकिटं दुसऱ्याच कुणाच्या पेटीत टाकली असतील. वहिनी म्हणत होती की तुमच्या बहिणीच्याच घरी गेली असणार. मी तिला सांगितलं, तिथे आली असती तर तिने कळवलंच असतं. आम्ही बोलत नाही ते वेगळं. पाकीट ठेवून घेणारी ती नाही.

अर्ज कुणाच्या नावाने लिहू ते सांग.

दादा

·

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. अर्जाचं शेवटी लिहिते, आधी इकडची हकीकत.

पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला, समितीची बैठक आहे. शहराने वाहतुकीच्या पावत्या कायमच्या स्वतःच फाडायच्या की हे काम पुन्हा कोर्टाकडे द्यायचं, ते त्या दिवशी ठरणार. वर्षभराचा अहवाल मी लिहायचा आणि मीच वाचायचा. साहेब रोज विचारतात, "मॅडम, कुठवर आलं?" त्यांना एकच वाक्य ठळक हवंय: एकसष्ट टक्के नागरिकांनी आपली चूक स्वतःहून मान्य केली. एकसष्ट टक्के लोक आलेच नाहीत, इतकंच खरं आहे. का आले नाहीत ते कुणी विचारलेलं नाही. विचारायचं काम कुणाचं, तर माझंच.

पण दादा, मी ही गोष्ट उगाच डोक्यावर घेतली नव्हती. बारा वर्षं मी कोर्टात टाइप करत होते, ती बाकं तू पाहिलेली नाहीस. एक दूध टाकणारी बाई एका पावतीसाठी तीन सकाळी येऊन बसली. तिन्ही दिवस नंबर आला नाही. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "माझीच चूक होती असं लिहा आणि मला जाऊ द्या, दूध नासतंय." चूक तिची नव्हती. ते वाक्य मी माझ्या हाताने टाइप केलं. तेव्हाच मनात आलं की एवढ्याशा गोष्टीला एक खोली, एक टेबल आणि समोर ऐकणारं माणूस पुरे. दहा मिनिटांत काम होईल आणि बाई दूध टाकायला जाईल. नगरपालिकेत आले तेव्हा मी हेच मांडलं, साहेबांनी उचलून धरलं, आणि ती खोली मलाच मिळाली.

आणि सुरुवातीला तसं झालंही. पहिल्या महिन्यात माझ्यापुढे जे आले, त्यांतले निम्मे निर्दोष सुटले. एक रिक्षावाला जाताना टेबलाला हात लावून गेला. मला फार बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

तुझ्या त्या दिवसाच्या भाषणाचं आता लिहितेच. हा नियम येणार म्हणून नागरिकांची सभा होती. मी स्टेजवर बसले होते, साहेबांच्या शेजारी, नवी साडी नेसून. तू मागच्या रांगेतून उठलास. मला वाटलं, भाऊ आहे, दोन चांगले शब्द बोलेल. तू म्हणालास, "पावती फाडणारा, तक्रार ऐकणारा आणि निकाल देणारा एकाच घरचा पगार खातो. मग मी रडायचं कुणापुढे? या मॅडमपुढे? ही आमच्या घरची फौजदार. लहानपणी हिने कप फोडला तरी चौकशी हीच करायची, आणि दरवेळी स्वतःला निर्दोष सोडायची." सभागृह हसलं. साहेबसुद्धा हसले. हसून हसून एका माणसाने डोळे पुसले ते मला अजून दिसतात.

मला तू तेव्हा अगदी उघडं पाडलंस. चिडले ते वेगळंच, पण आत काहीतरी बंद झालं आणि ते बंदच राहिलं. घरी येऊन मी ठरवलं की आता तू माझ्या दारात आल्याशिवाय बोलायचं नाही. तू आला नाहीस. तुझा माझ्याइतकाच ताठा, घराण्याचीच देणगी आहे.

आमच्या ऑफिसात शुक्रवारी दुपारी गैरहजर लोकांचा गठ्ठा निघतो. दोनशे, कधी तीनशे कागद. एकेक वाचायचा आणि सही करायची, असं मीच ठरवलं होतं. दुसऱ्याच महिन्यात हात दुखायला लागला. मग साहेबांनी माझ्या सहीचा रबरी शिक्का करून दिला. मग शिपाई मारायला लागला. मी चहा पीत असते आणि मागे ठप ठप आवाज येत असतो. नोटिशीबरोबर मोबाइलवर निरोप पाठवावा अशी एक सूचना आली होती. मीच ती खोडली. शेरा मारला: "नंबर बदलतो, घर बदलत नाही." साहेबांना वाक्य फार आवडलं होतं.

इथवर लिहून मी उठले आणि नळाची सुतळी पुन्हा घट्ट बांधली. ती सैल नव्हती.

पाकिटं आली होती, दादा. तिन्ही. आपल्याच पेटीत.

पहिलं एप्रिलच्या शेवटी आलं. पिवळं, मधे खिडकी, खिडकीत तुझं नाव. ती खिडकी कुठे असावी हेसुद्धा मीच ठरवलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते न उघडता कळलं. मी ते घड्याळामागे ठेवलं. मनात म्हटलं, न्यायला येईल. आला की आत बोलवीन, चहा टाकीन, आणि पाकीट हातात देऊन म्हणेन की बघ, शेवटी यावं लागलं ना फौजदाराकडे. असं रोज मनात घोळवायची. त्या बोलण्याची मला इतकी सवय झाली की तुझी वाट बघण्यात दिवस कसे गेले ते कळलं नाही. पाकीट आल्याचं तुला माहीतच नाही, मग तू येणार कसा, ही एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. की शिरली आणि मी तिला बाहेर उभी केली, देव जाणे.

दुसरं ऑगस्टमध्ये आलं. पहिल्यावर ठेवलं.

तू वहिनीला म्हणालास, पाकीट ठेवून घेणारी ती नाही. ती आहे. वहिनीला माझ्यातर्फे सांग की तिचं बरोबर होतं.

तिसऱ्याचं आज लिहवत नाही.

बहीण

·

बुधवार, १९ फेब्रुवारी, सकाळचे साडेनऊ

दादा,

वरचं पत्र मी पोस्टात टाकलं नाही. सात दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. पेटीपाशी दोनदा गेले, एकदा तर पाकीट अर्धं आत घातलं आणि ओढून काढलं. मागे उभ्या असलेल्या बाईने विचारलं, "अहो, टाकताय की नाही?" मी म्हटलं, तुम्ही टाका आधी. आता ते या पत्रासोबतच जोडते आहे. आधी ते वाच, मग हे.

हे मी तुमच्या जिन्यात बसून लिहिते आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, जिथे कुणीतरी मोडकी सायकल ठेवलीय. तुझ्या घरातून रेडिओ ऐकू येतो. बातम्या लागल्या की तू आवाज वाढवतोस, ती सवय गेलेली नाही.

तिसरं पाकीट. ते नोव्हेंबरच्या शेवटी आलं. तीन झाले की बिल्ला जातो हे मला माहीत नसेल तर कुणाला असणार. तेव्हा मी घाबरले. पाकीट घेऊन तुमच्याकडे यायला निघाले, बसस्टॉपपर्यंत आले. मग मनात आलं की आता तीन पाकिटं एकदम देणार, पहिल्या दोनांचं काय सांगणार? परत फिरले. म्हटलं, पंधरा दिवस आहेत. पंधरा दिवस संपले. त्या शुक्रवारी गठ्ठा निघाला तेव्हा शिपाई रजेवर होता. शिक्का मीच मारत होते. एकशे चौऱ्याऐंशी कागद झाले होते. पुढचा तुझा होता.

मी तुझं नाव वाचलं. नीट वाचलं. शिक्का हातात होता. कलम एकोणीस सांगतं की हा कागद बाजूला काढून ठेव. एवढंच करायचं होतं, बाजूला काढायचा. पण बाजूला काढला असता तर साहेबांनी विचारलं असतं की मॅडम, हे का, आणि मग पाकिटांपर्यंत यावं लागलं असतं. आणि दुसरंही खरं आहे, तेही सांगून टाकते: त्या क्षणी मला सभागृहातलं हसू ऐकू आलं. मी शिक्का मारला. मग पुढचा कागद घेतला आणि त्यावरही मारला, म्हणजे तुझा मुद्दाम मारला असं मलाच वाटू नये.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. वहिनी काचेपलीकडे उभी होती तेव्हा हेच सांगायला हवं होतं, आणि मी तिला निकाल नोंदलेला आहे असं सांगितलं. तुला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही पेटीत टाकल्याची नोंद आहे असं लिहिलं. कुणाच्या पेटीत ते लिहिलं नाही.

सोमवारी मी साहेबांपुढे गेले. सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, की समजा, नोटीस अधिकाऱ्याच्याच घरी अडकून राहिली असेल तर? साहेब हुशार आहेत. त्यांनी दार लावून घेतलं, खुर्ची दिली, आणि अगदी मायेने बोलले. "मॅडम, घरची गोष्ट घरात ठेवा. गुरुवारी अहवाल वाचा, मतदान होऊ द्या. शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटरमध्ये एक खूण काढायची, तुमच्या भावाचा बिल्ला दुपारी त्याच्या हातात. कुणाला काही कळायचं कारण नाही." मी विचारलं, "आणि बाकीचे?" ते म्हणाले, "बाकीच्यांनी चूक मान्य केलीय ना, तुमच्याच अहवालात आहे."

ती सगळी रात्र मी हेच चघळत होते. तुझा बिल्ला शुक्रवारी दुपारी. ती मुलगी सोमवारी फाटकाशी उतरणार. मला फक्त एक कागद वाचायचा आहे, जो मी तसाही लिहिलाय. आणि तुला कधीच काही कळलं नसतं. तू म्हणाला असतास, बघ, मी वहिनीला सांगितलं होतं, छोटीने केलं काम.

तेच मला सहन होईना. ते ऐकून मी तुझ्या घरी जेवायला बसले असते, आणि घड्याळामागची जागा रिकामी करून तीन पाकिटं जाळली असती. त्या खोलीतून मी आयुष्यभर बाहेर आले नसते. आतून बाहेर यायलाही कार्ड लागतं, हे मी तुला लिहिलंच आहे.

म्हणून काल मी एक जबाब लिहून दिला. साहेबांना नाही, समितीच्या अध्यक्षबाईंना, हातोहात, आणि पोच घेतली. त्यात पाकिटं आहेत, शिक्का आहे, एकसष्ट टक्क्यांचा खरा अर्थ आहे. उद्याच्या बैठकीत नागरिकांना पाच-पाच मिनिटं बोलायला मिळतात. त्या यादीत मी माझं नाव घातलंय, मागच्या रांगेतून बोलणार आहे. शहराने पावत्या फाडाव्यात की नाही ते समिती ठरवो. मला अजूनही ती दूध टाकणारी बाई आठवते आणि वाटतं, कोर्टाची ती बाकं हे काही उत्तर नव्हे. पण ऐकणारं माणूस पगाराला बांधलेलं असेल आणि त्याच्या वर दाद मागायला कुणीच नसेल, तर माझ्यासारखं होतं. हे तू चौदा महिन्यांपूर्वी दोन वाक्यांत सांगितलं होतंस. मी त्यातला फक्त कप ऐकला.

माझी नोकरी जाईल, जवळजवळ नक्की. त्याचं फारसं काही नाही. पण तुझा बिल्ला आता शुक्रवारी मिळणार नाही. प्रकरण उघडेल, दुसरा अधिकारी नेमतील, तारीख देतील. एक महिना लागेल की सहा, मला सांगता येत नाही. साहेबांची वाट धरली असती तर तू परवा गाडीवर असतास. हे मी तुला न विचारता ठरवलं.

आज पहाटे ते माझ्या लक्षात आलं. म्हणजे पुन्हा तेच केलं मी. तुला न ऐकता तुझ्यावर निकाल दिला. पाकिटं तरी पंधरा दिवसांची मुदत देत होती, मी तुला तेवढीही दिली नाही.

म्हणून हे पोस्टाने पाठवलं नाही. तिन्ही पाकिटं सोबत आहेत, न उघडलेली. माझ्या जबाबाची प्रत आहे. ती शाळेच्या पत्राला जोडून ठेव, लागेल. हे सगळं आता दाराखालून आत सरकवते. मग या सायकलपाशी येऊन बसते. ऑफिसात आज रजा टाकलीय.

वाचून झालं की दार उघड आणि तुला काय म्हणायचंय ते म्हण. शिव्या द्यायच्या तर दे, वहिनीलाही बोलू दे, तिचं जास्त साठलेलं असेल. ऐकून मी जबाब मागे घेईन असं वचन देत नाही. पण तुझं ऐकल्याशिवाय उद्या उभी राहणार नाही.

उघडलं नाहीस तरी चालेल. मी संध्याकाळपर्यंत बसेन. तुझी गैरहजेरी मांडणार नाही.

खाली शिक्का नाही, सही आहे. थोडी वाकडी आलीय, पण माझ्याच हातची आहे.

फौजदार